लाल दिसली म्हणजे एसटी नसते: ठाणे-नवी मुंबईत बस नेमकी कुणाची आणि ती दोन-दोन एकदम का येते

माझा मावसभाऊ कराडहून नोकरीसाठी आला तेव्हाची गोष्ट. एसटीने आला, वाशी हायवेला उतरला, मी त्याला फोनवर सांगितलेलं की तिथून कोपरखैरणेची बस पकड, पंधरा-वीस मिनिटात घरी. आता हा पठ्ठ्या जिथे उतरला तिथेच उभा राहिला, म्हणजे मुंबईकडे जाणाऱ्या बाजूलाच, आणि पुढच्या पाच मिनिटात एक लाल बस आली ती पकडली. वीस मिनिटांनी फोन. "दादा, ह्यो मोठा पूल कसला लागलाय, खाली नुसतं पाणीच पाणी दिसतंय." म्हटलं अरे खाडी ओलांडलीस तू, आता मानखुर्दला उतर आणि लोकलने परत ये. घरी आल्यावर त्याचं एकच पालुपद, "लाल गाडी म्हंजी एसटीच की, आन एसटी कंडक्टरला इचारलं तर त्यो म्हणला ही एसटी न्हाय." त्या रात्री जेवताना त्याला हे सगळं समजावून सांगायला बसलो आणि लक्षात आलं की इथे वीस वर्षं राहणाऱ्यांना पण हे नीट माहीत नसतं, मलाही बरंच नंतर कळलं. म्हणून इथे लिहितोय.

तर मुळात गोष्ट अशी की आपल्याकडे "बस कंपनी" एक नाहीये. वाशी हायवेच्या स्टॉपवर अर्धा तास उभे राहिलात तर कमीत कमी तीन मालकांच्या गाड्या दिसतात. एसटी म्हणजे राज्य सरकारचं महामंडळ. बेस्ट म्हणजे मुंबई महापालिकेचा उपक्रम. एनएमएमटी म्हणजे नवी मुंबई महापालिकेचा. आणि ठाण्याच्या बाजूला गेलात की चौथी, टीएमटी, ठाणे महापालिकेची. एसटी पण लाल आणि बेस्ट पण लाल, त्यामुळे बाहेरून आलेल्या माणसाचा माझ्या भावासारखा घोळ होणारच. एक सोपी खूण सांगतो, पाटी वाचता आली नाही तर नंबर प्लेट बघा. टीएमटीच्या गाड्यांवर बऱ्याचदा एमएच ०४ असतं कारण ते ठाण्याचं पासिंग, एनएमएमटीवर एमएच ४३ म्हणजे वाशी आरटीओ, बेस्टवर मुंबईचे नंबर, आणि एसटी मात्र ठाण्याच्या डेपोची असली तरी एमएच १४ किंवा एमएच २० दिसते. ते का, तर एसटी स्वतःच्या वर्कशॉपमध्ये गाडीची बॉडी बांधत आली आहे, दापोडीला बांधली की पिंपरी-चिंचवडचं १४, चिकलठाण्याला बांधली की संभाजीनगरचं २०. म्हणजे नंबरवरून एसटीचं गाव कळत नाही, तिचा कारखाना कळतो.

आता इतके मालक का झाले याचा इतिहास बघू, कारण तो समजल्याशिवाय पुढचं काहीच समजत नाही.

ठाण्यात या चौघींपैकी सगळ्यात आधी एसटीच होती असं आपल्याला वाटतं आणि ते बरोबरच आहे. राज्यातली पहिली एसटी १ जून १९४८ ला पुणे ते अहमदनगर धावली आणि पुढे गावोगाव जाळं झालं. ठाणे तेव्हा नगरपालिकेचं गाव, शहरातल्या शहरात फिरायलाही एसटीच. महापालिका झाली १ ऑक्टोबर १९८२ ला, आणि स्वतःची बस सुरू केली ९ फेब्रुवारी १९८९ ला, तीच टीएमटी. म्हणजे महापालिका झाल्यावर सहा-साडेसहा वर्षांनी. मुंबईचं उलटं झालं, तिथे ट्राम होती १८७४ पासून, घोड्यांची, बस आली १५ जुलै १९२६ ला आणि महापालिकेने ती अख्खी कंपनी ताब्यात घेतली ७ ऑगस्ट १९४७ ला, स्वातंत्र्याच्या आठ दिवस आधी. म्हणजे बेस्ट ही मुळात खरोखरची कंपनी होती, नंतर ती पालिकेची झाली, आणि टीएमटी-एनएमएमटी या जन्मापासूनच पालिकेच्या पोटातल्या. हा फरक लक्षात ठेवा.

नवी मुंबईची कथा मला जास्त इंटरेस्टिंग वाटते. १९६५ मध्ये चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल आणि प्रवीणा मेहता या तिघांनी मांडलं की मुंबई उत्तरेला लांबत चाललीये, त्यापेक्षा खाडीपलीकडे नवीन शहर वसवा. १९७० च्या मार्चमध्ये त्यासाठी सिडको ही सरकारी कंपनी स्थापन झाली. वाशीचा खाडीपूल सुरू झाला १९७३ च्या सुमारास. पण रेल्वे? वाशीला लोकल पोचली थेट ९ मे १९९२ ला! म्हणजे जवळजवळ वीस वर्षं नवी मुंबईतल्या माणसाला मुंबईत नोकरीला जायचं तर बस हाच एक रस्ता. सेक्टर कागदावर आखलेले, बिल्डिंगा उभ्या राहतायत, खाली चिखल, आणि स्टॉपवर लायनी. जुने वाशीकर अजून सांगतात की एक बस चुकली तर अर्ध्या दिवसाची सुट्टीच टाकायची.

या काळात इथे एक बस कंपनी होती जी आज तरुण मंडळींना माहीतच नाही. बीएमटीसी, म्हणजे बॉम्बे मेट्रोपॉलिटन ट्रान्सपोर्ट कॉर्पोरेशन, सिडकोने नव्या शहरासाठी काढलेली. ही १९८४ ला बंद पडली, कामगार रस्त्यावर आले आणि त्यांच्या देण्याचा प्रश्न त्यानंतर कित्येक वर्षं चालूच राहिला, अजूनही जुन्या वाशी-नेरूळच्या लोकांत "बीएमटीसीवाले" म्हटलं की काहींना लगेच आठवतं. मग मधला काळ एसटी आणि बेस्टच्या भरवशावर गेला. नवी मुंबई महापालिका कारभाराला लागली १ जानेवारी १९९२ ला, पहिली निवडणूक झाली १९९५ ला आणि २३ जानेवारी १९९६ ला एनएमएमटीची पहिली बस धावली. निवडून आलेले नगरसेवक आल्यावर वर्षभरात बस आली, हे योगायोग म्हणून सोडून देऊ नका. बस ही दारात दिसणारी गोष्ट आहे, पाण्याची लाईन जमिनीखाली असते.

आता "पालिकेच्या पोटातली" म्हणजे काय ते. टीएमटी किंवा एनएमएमटी ही कायद्याच्या भाषेत कंपनीच नाही, तिला "परिवहन उपक्रम" म्हणतात. महापालिका कायद्यातच त्याची तरतूद आहे, त्यात एक परिवहन व्यवस्थापक असतो, तो रोजचा कारभार बघतो, आणि एक परिवहन समिती असते, तिचा सभापती, ती भाडं, बजेट, खरेदी यावर ठराव करते, मग तो महासभेकडे जातो. म्हणजे तुमच्या सेक्टरला नवीन बस हवी असेल तर अर्ज कुठल्या कंपनीच्या कस्टमर केअरला करायचा नसतो, नगरसेवकाच्या मागे लागायचं असतं. आणि नवी मुंबईत २०२० नंतर बरीच वर्षं निवडणूकच झाली नाही, प्रशासक होते, तेव्हा समितीच नव्हती, सगळं आयुक्तांच्या सहीवर. ते चांगलं की वाईट यावर भांडता येईल, फाईल लवकर हलते हे खरं, पण स्टॉपवरची म्हातारी कोणाला जाऊन बोलणार हाही प्रश्न आहे.

एसटी मात्र वेगळ्या कायद्याखाली, १९५० च्या रस्ते परिवहन महामंडळ कायद्याखाली चालते, तिचं स्वतंत्र महामंडळ, स्वतंत्र अध्यक्ष, मंत्री वेगळा. त्यामुळे सवलतीचा सगळा गोंधळ होतो. १७ मार्च २०२३ पासून एसटीत महिलांना अर्धं तिकीट आहे, त्याआधी २६ ऑगस्ट २०२२ पासून ७५ वर्षांवरच्या ज्येष्ठांना मोफत. माझी आई एसटीत अर्धं तिकीट काढून कराडला जाते आणि इथे आल्यावर शहरातल्या बसमध्ये पण तसंच मागते, कंडक्टर म्हणतो मावशी ती एसटीची स्कीम. तिला वाटतं कंडक्टर फसवतोय. पण एसटीचं जे अर्धं तिकीट कमी पडतं ते राज्य सरकार एसटीला भरून देतं, महापालिकेच्या बसला ती योजना आपोआप लागू होत नाही, तिथे त्या त्या पालिकेने स्वतः ठराव करायचा आणि खर्च स्वतः सोसायचा. म्हणून प्रत्येक शहरात सवलती वेगळ्या, आणि हद्द ओलांडली की नियम बदलला.

तिकिटाचा टप्पा पण असाच. एसटीचा टप्पा सहा किलोमीटरचा असतो, २५ जानेवारी २०२५ ला १४.९५ टक्के भाडेवाढ झाली तेव्हा साध्या गाडीचा एक टप्पा ८ रुपये ७० पैशांवरून १० रुपये ५ पैशांवर गेला. शहरातल्या बसला एवढा मोठा एकसारखा टप्पा चालतच नाही, माणूस दोन स्टॉपसाठी पण चढतो. बेस्टने ९ जुलै २०१९ ला भाडं एकदम खाली आणलं, पाच किलोमीटरला ५ रुपये, एसीला ६. पोरं म्हणायची वडापावपेक्षा एसी बस स्वस्त. मग ९ मे २०२५ पासून तेच १० आणि १२ झालं. आता याचा नवी मुंबईशी काय संबंध, तर आहे. बेस्टचे ५०० च्या घरातले नंबर नवी मुंबईत येतात. ५०५ ही वांद्रे ते सीबीडी, म्हणजे बेलापूर. आणि एनएमएमटीची एसी १०५ सुद्धा वांद्रे ते सीबीडी! दोन पालिका, एकच रस्ता, एकच गर्दी. एकीने भाडं निम्म्यावर आणलं की माणूस साहजिकच तिकडे पळणार, आणि दुसरीच्या गाडीचे किलोमीटर तेवढेच पळतात, डिझेल तेवढंच जळतं, फक्त तिकिटं कमी होतात. प्रवाशाला मजा, पण दोन्ही शहरांच्या तिजोरीत भोक. आणि पास एकाचा दुसऱ्यात चालत नाही हे तर तुम्हाला माहीतच आहे.

आता खरा मुद्दा, पैसा. लोक म्हणतात इतकी गर्दी असते, लोंबकळत जातो आम्ही, तरी तोट्यात कशी? मीही हेच म्हणायचो. हे समजून घ्यायला एकच शब्द पुरेसा आहे, किलोमीटर. बसचा धंदा माणसांवर चालतो असं वाटतं पण हिशोब सगळा किलोमीटरवर असतो. डेपोत बसलेल्या माणसाला विचारा, तो "किती पॅसेंजर" विचारत नाही, "प्रति किलोमीटर उत्पन्न किती आणि प्रति किलोमीटर खर्च किती" हे विचारतो.

समजा, फक्त समजा हं, आकडे मी हिशोबाला सोपे घेतलेत, एका बसला किलोमीटरमागे ७० रुपये खर्च येतो, ड्रायव्हर-कंडक्टरचा पगार, डिझेल किंवा वीज, टायर, दुरुस्ती, विमा, सगळं धरून. मार्ग २० किलोमीटरचा. म्हणजे एक फेरी १,४०० रुपये. सकाळी आठला घणसोलीहून खचाखच भरून निघाली, चढउतार धरून ६० तिकिटं, सरासरी १५ रुपये, झाले ९००. म्हणजे खचाखच भरलेल्या फेरीला सुद्धा ५०० चा खड्डा. आणि ती बस तिकडे पोचली की परत यायचं तर असतं, सकाळी साडेनऊला उलट्या दिशेने कोण जातंय, १२ तिकिटं, १८० रुपये. दोन्ही मिळून खर्च २,८०० आणि हातात १,०८०. तुम्ही बघता ती गर्दी, अकाउंटवाला बघतो ती रिकामी परत येणारी गाडी. त्यात डेपोतून पहिल्या स्टॉपपर्यंत आणि रात्री शेवटच्या स्टॉपवरून डेपोपर्यंत गाडी रिकामीच पळते, त्याला डेड किलोमीटर म्हणतात, त्याचे तर शून्य रुपये.

हा खड्डा पालिका आपल्या बजेटमधून भरते, अनुदान म्हणून. म्हणजे बसमध्ये कधीही न बसणारा, स्कूटरवरून फिरणारा माणूस पण घरपट्टीतून तुमच्या तिकिटाचे काही पैसे भरत असतो, आणि माझ्या मते भरायलाच पाहिजेत कारण त्या बसमधली ४० माणसं ४० स्कूटर घेऊन निघाली तर त्याची स्कूटर महापेच्या सिग्नलवरून हलणार नाही. म्हणून बस तोट्यात आहे असं म्हणणं मला रस्ता तोट्यात आहे म्हणण्यासारखं वाटतं. फक्त तो खड्डा किती मोठा होऊ द्यायचा हा प्रश्न खरा आहे, आणि तिथे चोरी, आळस, बंद पडलेल्या गाड्या हे सगळं येतं.

खड्डा कमी करायला दोन वाटा निघाल्या. एक म्हणजे तिकिटाशिवायचं उत्पन्न, बसवरच्या जाहिराती, डेपोच्या जागा. वाशी सेक्टर ९ च्या बस टर्मिनसच्या जागेवर एनएमएमटीने व्यापारी संकुल उभं करायला घेतलं ते याचसाठी. दुसरी वाट म्हणजे गाडी आपली न ठेवणं. हे नीट समजून घ्या कारण आता तुम्ही ज्या नव्या इलेक्ट्रिक बसमध्ये बसता त्यातल्या बऱ्याचशा पालिकेच्या नाहीतच. गाडीवर नाव पालिकेचं, रंग पालिकेचा, मार्गाचा नंबर पालिकेचा, पण गाडी ठेकेदाराची आणि ड्रायव्हर पण ठेकेदाराचा. कंडक्टर बहुतेकदा पालिकेचा आणि तिकिटाचे पैसे पालिकेचे. पालिका ठेकेदाराला किलोमीटरमागे ठरलेला रेट देते, गाडी भरलेली असो की रिकामी. याला बेस्टवाले वेट लीज म्हणतात, टेंडरमध्ये जीसीसी, म्हणजे ग्रॉस कॉस्ट कॉन्ट्रॅक्ट, लिहिलेलं असतं. ठाण्यात २०२३ पासून आलेल्या १२३ इलेक्ट्रिक बस पण अशाच करारावरच्या.

याचा फायदा असा की पालिकेला एकदम कोट्यवधी रुपये टाकून गाड्या घ्याव्या लागत नाहीत, आणि गाडी बंद पडली, फेरी गेली नाही तर ठेकेदाराला पैसे नाहीत, उलट दंड. तोटा कुठे, तर ड्रायव्हर पालिकेचा नाही. त्याचा पगार ठेकेदार ठरवतो, पालिकेच्या जुन्या ड्रायव्हरपेक्षा कमी असतो, आणि तो तुमच्याशी का चिडून बोलतो याचं एक कारण हेही असू शकतं. ऑगस्ट २०२३ मध्ये मुंबईत बेस्टच्या वेट लीजवरच्या कामगारांनी संप केला तेव्हा आठवडाभर स्टॉपवर हाल झाले, आणि लोक बेस्टला शिव्या घालत होते, पण ते कामगार कागदावर बेस्टचे नव्हतेच. मला विचाराल तर ही सगळ्यात मोठी गोष्ट आहे जी लोकांना माहीत नाही. स्टॉपवर उभं राहून आपण ज्याच्या नावाने बोटं मोडतो तो बरेचदा भलताच असतो.

केंद्राची मदत पण अशीच बदलत गेली. २००५ च्या डिसेंबरात जेएनएनयूआरएम ही शहरांसाठीची केंद्राची योजना आली, २००९ च्या सुमारास त्यातून शहरांना बस घ्यायला पैसे मिळाले, आपल्याकडे त्या लोफ्लोअर आणि एसी व्हॉल्वो आल्या त्या तेव्हाच्या. लोक खुश, एसीत बसून वांद्र्याला. पण केंद्राने गाडीचे पैसे दिले, गाडी चालवायचे नाही. म्हणजे लग्नात कोणी हत्ती भेट द्यावा तसं, चारा आपणच घालायचा. व्हॉल्वोचे पार्ट महाग, काही वर्षांनी गाड्या डेपोत उभ्या. मग फेम योजना आली इलेक्ट्रिकसाठी, तिचा दुसरा टप्पा १ एप्रिल २०१९ पासून, त्यात अट अशी की बस किलोमीटरच्या करारावरच घ्यायची. आणि ऑगस्ट २०२३ मध्ये पीएम ई-बस सेवा मंजूर झाली, १०,००० बस, त्यात केंद्र दहा वर्षं किलोमीटरमागे काही रक्कम देणार. म्हणजे दिल्लीला पण सतरा-अठरा वर्षांनी कळलं की हत्ती नको, चारा द्या.

जुन्या गाड्या मात्र झपाट्याने जातायत, कारण १ एप्रिल २०२३ पासून १५ वर्षं झालेली सरकारी किंवा पालिकेची गाडी पुन्हा रजिस्टरच होत नाही, सरळ भंगारात. नव्या येईपर्यंत ज्या उरल्या त्यावर सगळा भार, आणि तुमच्या स्टॉपवर पंचवीस मिनिटं.

आता येऊ त्या प्रश्नाकडे जो सगळ्यात जास्त विचारला जातो. अर्धा तास बस नाही आणि मग एकाच नंबरच्या दोन एकदम कशा येतात? मुद्दाम करतात का, गप्पा मारत बसलेले असतात का? क्वचित असतीलही, पण बहुतेक वेळा गणित वेगळं असतं. दोन बस डेपोतून पंधरा मिनिटांच्या अंतराने निघाल्या. पहिली तुर्भे नाक्याला ट्रकच्या गर्दीत पाच मिनिटं अडकली. आता पुढच्या स्टॉपवर तिची वाट बघणारी माणसं पाच मिनिटांची जास्त जमलेली. ती चढायला वेळ लागतो, सुट्टे पैसे, तिकीट मशीन, "सरका हो आत", म्हणजे पहिली आणखी उशिरा. मागची बस येते तेव्हा त्या स्टॉपवर माणसंच कमी, ती पटकन निघते, आणखी पुढे येते. असं करत करत कोपरखैरणेला येईपर्यंत मागची पुढचीला टेकते. पुढची तुडुंब, मागची निम्मी रिकामी. ड्रायव्हरने काहीच चूक केली नाही तरी हे होतं, उशीर झालेली बस आपोआप आणखी उशिरा होत जाते. यावर उपाय असतो, मागचीला मधेच थांबवून धरणं किंवा पुढचीला काही स्टॉप सोडून पुढे पाठवणं, त्यासाठी कोणीतरी कंट्रोल रूममध्ये बसून गाडी कुठे आहे ते बघायला पाहिजे. आणि तो थांबवून धरतो तेव्हा आत बसलेले आपण ओरडतो, "अहो चला ना, झोप लागली का."

हे ठाण्यात जास्त जाणवतं कारण ठाण्याचा सगळा ओघ एका स्टेशनवर. १८५३ च्या १६ एप्रिलला देशातली पहिली पॅसेंजर गाडी बोरीबंदरहून ठाण्याला आली, तेव्हापासून शहर त्या स्टेशनभोवती वाढत गेलं. घोडबंदर रोड, वागळे इस्टेट, लोकमान्यनगर, सगळीकडची बस शेवटी स्टेशनलाच यायची. म्हणून पश्चिमेला तो सॅटिसचा वरचा डेक बांधला, बस वर आणि रिक्षा-खाजगी गाड्या खाली. घोडबंदरला गायमुखच्या घाटात एक ट्रक बंद पडला की बोरिवलीहून येणारी टीएमटी कधी येईल हे ब्रह्मदेवही सांगणार नाही.

नवी मुंबईचं तसं नाही, इथे मोत्यांच्या माळेसारखे नोड, म्हणजे वाशी-नेरूळसारखी छोटी छोटी शहरं, प्रत्येकाचं आपलं स्टेशन, बाहेर रुंद जागा. ९ नोव्हेंबर २००४ ला ठाणे-वाशी लोकल प्रवाशांसाठी सुरू झाली आणि बसचं कामच बदललं. आधी बस लांब न्यायची, आता बस स्टेशनपासून सेक्टरपर्यंत आणि स्टेशनपासून एमआयडीसीपर्यंत. म्हणून लांबच्या मार्गापेक्षा छोट्या फेऱ्या जास्त लागतात, आणि छोट्या फेरीवर रिक्षा शेअरमध्ये तुमचा प्रवासी पळवते. संध्याकाळी घणसोली स्टेशनबाहेर उभे राहा, बस दिसायच्या आत रिक्षावाला तिसरी सीट मागत असतो.

पनवेलचं काय असं खारघर-कामोठेवाले विचारतात. पनवेल महापालिका झाली १ ऑक्टोबर २०१६ ला पण तिथल्या लोकांना शहर बस देते ती एनएमएमटीच. एनएमएमटीचे मोठे डेपो तीन, तुर्भे, घणसोली आणि आसूडगाव, आणि आसूडगाव तर नवी मुंबई महापालिकेच्या हद्दीत पण नाही, पनवेलमध्ये आहे. म्हणजे कर एका पालिकेला भरायचा आणि बस दुसरीची. खारघरच्या माणसाने नवी मुंबईच्या नगरसेवकाकडे जाऊन काय उपयोग, तो त्याला मतच देत नाही. उरण, डोंबिवली, कल्याणकडेही एनएमएमटी जाते. हद्दीबाहेर जायचं तर परवाना लागतो, तिथल्या बससेवेचं म्हणणं ऐकावं लागतं, आणि मार्ग एका रात्रीत सुरू होत नाही तो यामुळे.

अटल सेतूचं उद्घाटन १२ जानेवारी २०२४ ला झालं, जवळजवळ २२ किलोमीटर, आणि त्यावरून शहर बस पण जाते हे कित्येकांना माहीत नाही. बेस्टची एस १४५ बेलापूरहून कफ परेडला, आणि त्याच वर्षीच्या सप्टेंबरपासून एनएमएमटीच्या ११६ आणि ११७ मंत्रालयाला, एक नेरूळहून उलवेमार्गे आणि दुसरी खारघरहून. टोल आहे म्हणून स्वतःची गाडी रोज नेणं परवडत नाही, तिथे बस हाच शहाणपणा. बेलापूर ते पेंधर मेट्रो १७ नोव्हेंबर २०२३ ला सुरू झाली, अकरा स्टेशनं, पण मेट्रोतून उतरल्यावर घर गाठायला परत बसच. ८ ऑक्टोबर २०२५ ला मुंबई वन ॲप पण आलं, त्यात लोकल, मेट्रो, बेस्ट, एनएमएमटी, टीएमटी अशा अकरा सेवांचं तिकीट एकाच ठिकाणी काढता येतं. मालक वेगळेच राहिले, निदान तिकिटाची खिडकी तरी एक झाली.

हे सगळं मी भावाला सांगितलं तेव्हा त्याचा भात गार झाला होता. तो म्हणाला, "म्हंजी दादा, बस येत न्हाय त्याचं कारण ठेकेदार, नगरसेवक, दिल्ली आन तुर्भ्याचा ट्रक." म्हटलं हो, आणि सुट्टे पैसे न आणणारा तू.

आता तो महापेला एका कंपनीत लागलाय. हायवेवर आता रस्ता ओलांडून उभा राहतो आणि पाटी वाचतो. परवा संध्याकाळी त्याचा मेसेज आला की पंचवीस मिनिटं बस नव्हती आणि मग दोन एकदम आल्या, सगळे धावत पुढच्या गाडीत घुसले, हा गुपचूप मागच्या गाडीत चढला आणि खिडकी मिळाली.